भोंग्यावरची हाक

आमच्या गावात काहीही हरवलं की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारतात. शेळी, चाव्यांचा जुडगा, म्हातारं माणूस, लेकरू. पंचायतीच्या गच्चीवर एका लोखंडी खांबाला चारही दिशांना तोंडं करून चार भोंगे बांधलेत आणि खालच्या खोलीत कपाटावर मशीन आहे. आवाज पार नाल्यापलीकडच्या मळ्यांपर्यंत जातो. गावाला त्याचा मोठा अभिमान. धाड गावच्या बाजारात आमच्याकडचा माणूस भेटला तर तोही सांगेल की आमच्या भोंग्यावर पुकारलेली वस्तू सापडल्याशिवाय राहत नाही.

भोंगा बोलायच्या आधी जरा खरखरतो. ती खरखर कानावर आली की मी आजही हातातलं काम खाली ठेवते. मग कोणीतरी हॅलो हॅलो म्हणतं आणि नळाचं पाणी किती वाजता सुटेल ते सांगतं. तेवढं कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मी इथल्या अंगणवाडीची सेविका. गावातली निम्मी तरणी पोरं माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली, त्यामुळे मिशा फुटलेल्यांनाही मी 'काऊन बे', म्हणजे 'का रे', असंच बोलावते आणि कोणी वाईट मानत नाही. स्वभाव तापट आहे, जीभ त्याहून तापट. पण एका लेकरापुढे मी गुन्हेगार आहे, आणि ते लिहून ठेवल्याशिवाय मला मरायचं नाही.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या एका दिवसात मी ते इतक्या वेळा घेतलं की पुढे कितीतरी वर्षं ते माझ्या तोंडून निघालंच नाही. आणि तिचं नाही, तर मग कोणाचंच नको.

विहारासमोरच्या घरातली ती मुलगी. चार वर्षांची. बाप बाहेरगावी गवंडीकामाला, आई इथेच रोजमजुरीला. सकाळी आई तिला माझ्या दारात सोडायची आणि शेतात निंदायला जायची. मुलगी सतरंजीच्या कडेला बसून चिंचोके ओळीने लावायची, दोन चिंचोक्यांत बोटभर अंतर, एकही इकडचा तिकडे नाही. कोणी ओळ मोडली तर रडायची नाही, पहिल्यापासून पुन्हा लावायची. नाव घेतलं तर बघायची नाही. कुकरची शिट्टी झाली की मात्र दोन्ही हात कानांवर आणि थेट कपाटामागे.

तिच्या आईने मला एकदा विचारलं होतं. दारातच, खुरपं हातात घेऊन. "बाई, हिले कायी झालं तं नाई ना? घरात बी हाक देली तं पाह्यत नाई."

मी म्हणाले, "कायी नाई होत. हट्टी हाये. माह्या नणंदेचं पोरगं पाच वर्साचं होयेपर्यंत तोंडातून अक्षर नाई काढे, आता वकील हाये."

ती हसली. तिला तेच ऐकायचं होतं आणि मला तेच सांगता येत होतं. तपासणीच्या कागदावर एक प्रश्न असायचा, नावाने हाक मारल्यावर मूल वळून पाहतं का. मी 'हो' वर खूण केली. 'नाही' वर केली असती तर बुलढाण्याला पाठवा, चिठ्ठी द्या, पुन्हा माग काढा, आणि वरच्या पर्यवेक्षिका मॅडमचे शंभर प्रश्न. शिवाय अनुभवाचा तोरा होता. इतकी लेकरं पाहिली, मला कोण शिकवणार?

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. अंगणवाडीला सुट्टी होती. गावात लग्न होतं, सकाळीच बँड वाजत आला, आणि मुलगी घरातून गेली. आई पाणी भरत होती. हंडा ठेवून मागे वळली तर दार उघडं.

दहाच्या सुमाराला मला बोलावणं आलं. पंचायतीच्या खोलीत पाचसहा माणसं उभी होती. त्यातला एकजण माईक माझ्या हातात देत म्हणाला, "बाई, तुमी बोला. तुमचा आवाज वळखते ते."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मी हाका मारायला सुरुवात केली. आधी गोडीने, मग जोरात. तिचं नाव, मग 'ये वं माय', मग पुन्हा नाव. माणसं विहिरी बघत फिरली, पोरं कडब्याच्या गंज्या उपसत होती, आणि मी तिथे बसून हाका मारत होते. घसा बसला की पाणी प्यायचं आणि पुन्हा सुरू. तिची आई खोलीच्या उंबरठ्यावर बसून होती. माझ्याकडे बघत होती.

दुपारी लाइट गेली. भोंगा बंद पडला. गाव एकदम सुनं झालं. मला ते सहन होईना. मीच ओरडले की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणा. तासाभराने बॅटरी आली, तारा जोडल्या, आणि मी पुन्हा तिचं नाव घ्यायला लागले.

ती सापडली दिवस कलल्यावर. पंचायतीच्या मागून जो रस्ता जातो त्याच्याखाली पावसाचं पाणी जायला सिमेंटचा मोठा पाइप घातलाय. त्या पाइपात, अगदी मधोमध, कानांवर हात ठेवून ती पडली होती. भोंग्याच्या खांबापासून शंभर पावलांवर. पाइप तव्यासारखा तापला होता. जीपमध्ये घालून बुलढाण्याला नेलं, पण वाटेतच ती गेली.

गाव म्हणालं, उष्माघात. कागदावरही तेच लिहिलं गेलं. मीही तेच धरून बसले असते, पण तिसऱ्या दिवशी मी त्या पाइपाकडे गेले. कशाला गेले ते मला माहीत नाही. पाइपाच्या तोंडाशी, सावलीच्या काठावर, खडे ओळीने लावलेले होते. नऊ खडे, बोटभर अंतरावर. दहावा खडा ओळीपासून लांब, आतल्या बाजूला पडलेला. मी उकिडवी बसून त्या खड्यांकडे बघत राहिले. ती बाहेर आली होती. कधीतरी तिला बरं वाटलं होतं, ती तोंडापर्यंत येऊन खेळत बसली होती, आणि मग काहीतरी झालं म्हणून हातातला खडा टाकून आत पळाली होती. तेव्हा मला एवढंच दिसलं. कशाला पळाली ते कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

ते कळलं पुढच्या वर्षी. जिल्ह्याच्या ठिकाणी सेविकांचं एक शिबिर होतं. एक तरुण डॉक्टरीण बाई ऑटिझमबद्दल, म्हणजे स्वमग्न मुलांबद्दल सांगत होत्या. मी मागच्या ओळीत शेंगदाणे खात बसले होते. त्या म्हणाल्या, अशी मुलं नावाला ओ देतीलच असं नाही. काहींना मोठा आवाज अंगावर मारल्यासारखा लागतो. ती हरवली तर ओरडू नका, ओरडाल तिथून ती लांब पळतील. एखादा आवाज, एखादी वस्तू त्यांच्या आवडीची असते, तिकडे ती आपण होऊन येतात.

लाइट गेली तेव्हा ती बाहेर आली होती. बॅटरी मी आणायला लावली.

मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली डोकं धरलं. सोबतच्या बायांना वाटलं, उन्हाचं झालं. शिबिर म्हणजे वरातीमागून घोडं होतं, पण घोडं आलं होतं हेही खरं. संध्याकाळी मी त्या डॉक्टरीण बाईंना गाठलं आणि म्हटलं, मला सगळं पहिल्यापासून सांगा.

तेव्हापासून माझ्या अंगणवाडीत मंगळवारची दुपार ठरलेली आहे. इतर लेकरं घरी गेली की अशी स्वमग्न लेकरं आणि त्यांच्या आया येतात. आधी गावातल्या दोघी होत्या. मग उंद्रीकडून एक यायला लागली, जीपने, सासूला घेऊन. सासू पहिल्या दिवशी भिंतीवरची चित्रं बघून म्हणाली, "पत्ते दाखवून बोलता का लेकरासंगं?" मी म्हटलं, "तुमी तोंडानं बोलून चार वर्सं पाह्यलं ना? आता माहे पत्ते पाहा." पाण्याचं चित्र, जेवणाचं, घरी जायचं. दोन महिन्यांनी तिच्या नातवाने भिंतीवरून पाण्याचं चित्र काढून तिच्या हातात दिलं. म्हातारी पदर डोळ्याला लावून बसली आणि त्याला पाणी द्यायचंच विसरली.

आम्ही काही फार मोठं करत नाही. लेकराजवळ जाऊन, वाकून, दोन शब्दांत बोलायचं. उद्या काय होणार ते आज चित्रांत दाखवायचं. बाकी वेळ आया एकमेकींशी बोलतात. घरी त्यांना बोलायला कोणी नसतं, सांगायला मात्र सगळे असतात. कोणी म्हणतं बाहेरचं बघा, कोणी म्हणतं आईनेच लाडावलं. जिभेला हाड नसतं. इथे निदान कोणी कोणाला शिकवत नाही.

लोक मला म्हणायला लागले की बाई फार पुण्याचं काम करतात. पाप कोणाला सांगितलं नव्हतं, तर पुण्य तरी कोणत्या तोंडाने नाकारू?

विहारासमोरची ती आई गावातच होती. रोज माझ्या दारावरून शेतात जायची. आधी 'बाई, चाल्ली' म्हणायची, आता नजर समोर. माझ्यावरचा राग असणार, मी धरून चालले होते, आणि तो मला मान्य होता. मंगळवारी मात्र कधीकधी ती समोरच्या नळावर दिसायची. हंडा भरून वाहत असायचा आणि ती तशीच उभी.

मंगळवारच्या लेकरांत एक मुलगा होता, पाच वर्षांचा. त्याचं सगळं वेड चक्कीचं. अंगणवाडीला लागूनच पिठाची चक्की आहे. ती सुरू झाली की हा कुठेही असो, पळत जायचा आणि तिच्या टिनाच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून उभा राहायचा. भिंत थरथरायची तसा त्याचा चेहरा निवायचा. चक्कीवाला म्हातारा माझ्याहून तापट. आधी हाकलायचा. मग महिन्याभराने बघते तर त्याने भिंतीपाशी पोतं अंथरून ठेवलेलं. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "पाय पोयतात ना त्याचे."

गेल्या पोळ्याची गोष्ट. तोरणाखाली बैल उभे राहिले होते. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरमाळा. त्या वर्षी पोरांनी डीजे आणला होता. तो लागला आणि पुरणाच्या पोळ्या लाटत बसलेल्या आईच्या पाठीमागून मुलगा गेला. नाल्याला पाणी होतं. कपाशी माणसाच्या छातीइतकी वाढलेली, तिच्यात पाच वर्षांचं लेकरू दिसायचं कसं?

मी पंचायतीत पोचले तेव्हा मशीन सुरू झालेलं होतं. खरखर येत होती. सरपंचांनी माईक माझ्यापुढे धरला. "बाई, तुमी बोला. तुमचा आवाज वळखते थो."

तेच शब्द. आणि मला लिहायला लाज वाटते, पण माझ्या हाताने तो माईक घेतला. मंगळवारामागून मंगळवार दुसऱ्यांना हाका मारू नका म्हणून सांगत आले, आणि वेळ आली तेव्हा मी पुन्हा तिथेच बसले होते. तोंड उघडलं. पण तोंडावर आलं ते त्याचं नाव नव्हतं, तिचं होतं. मी तोंड मिटून घेतलं.

तेवढ्यात भोंगा बंद पडला. मी वर पाहिलं. विहारासमोरची ती आई बटणापाशी उभी होती. हात कणकेने भरलेले, बटणावर तिची पांढरी बोटं उमटलेली.

"नाई," ती म्हणाली. "गाव चूप करा."

सरपंच म्हणाले, "अवं, लेकरू हारपलं अन् चूप करा म्हनतं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघत होती. तेव्हा कुठे माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "डीजे बंद करा. ढोल बंद. कोनी हाक मारायची नाई. अन् चक्की लावा."

चक्कीवाला बैलांच्या गर्दीत होता. सणाला चक्की बंद असते. तो धावत आला, कुलूप काढलं आणि थांबला. "रिकामी चालवली तं गोटा गोट्याले खाते, बाई. दाना पायजे." दळण नसलं की चक्कीचे दगड एकमेकांवर घासून खराब होतात, हे मला कुठे सुचणार? विहारासमोरची म्हणाली, "दाना आनते," आणि घराकडे पळाली. तिच्यामागे बाया पळाल्या. सूप, डबा, टोपली, जिच्या हाती जे आलं त्यात ज्वारी आली, गहू आले. कोणी पायलीभर, कोणी ओंजळभर. चक्की सुरू झाली.

ढोल थांबला, डीजे थांबला. पण बैलांना कोण सांगणार? ते मान हलवत होते आणि घुंगरं वाजत होती. मग एका म्हाताऱ्याने आपल्या बैलाच्या गळ्यातली माळ मुठीत धरली. त्याचं बघून शेजारच्याने धरली. बघता बघता तोरणाखालचा प्रत्येक माणूस बैलाच्या गळ्याला हात घालून उभा राहिला. आमचं गाव इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. फक्त चक्की.

दाणे टाकायचं काम मी करत होते. एक टोपली संपली, दुसरी संपली. त्याची आई भिंतीपाशी पोत्याच्या कडेला बसून होती, पदर दातात धरून. काहीजण नाल्याकडे गेले होते, तिकडूनही कोणी आलं नाही. मला पाइप दिसत होता. तो माणसं तपासून आली होती, तरी मला तोच दिसत होता. दाणे संपत आले तेव्हा चक्कीवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "संपले तं संपले. खाऊ द्या गोट्याले."

आणि मागच्या कपाशीतून तो आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल नाही. कोणाकडे न बघता तो भिंतीपाशी गेला आणि त्याने दोन्ही तळवे टिनावर ठेवले. एका पोराने ओरडायला तोंड उघडलं, तर बाजूच्या बाईने ते हाताने बंद केलं. त्याच्या आईने त्याला उचललं नाही. ती तशीच बसून राहिली, आणि बऱ्याच वेळाने तिने आपलाही एक तळवा भिंतीवर ठेवला.

सगळ्यांचं पीठ एक झालं होतं. कोणाचं कोणतं ते सांगता येईना, म्हणून ते अंगणवाडीत ठेवलं.

पुढच्या मंगळवारी सगळ्या आया गेल्यावर विहारासमोरची दारात आली. मी 'ये' म्हटलं. ती आत येऊन सतरंजीच्या कडेला बसली, तिची मुलगी बसायची तिथेच. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा आत आली होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

मी म्हणाले, "त्या दिवशी ते बाहीर आलती. मी बॅटरी आनाले लावली अन् ते पुन्हा आत गेली. माह्या आवाजानं गेली."

ती म्हणाली, "मले मालूम हाये."

"कवापासून?"

"तवाच. तिले आवाज नाई सोसे. मी घरात ताट बी हळू ठेवो."

मला संताप आला. तिच्यावर की माझ्यावर, कोण जाणे. "मंग काऊन नाई थांबवलं मले? तिथंच तं बसली होती तू."

कोपऱ्यातल्या डब्यातून तिने चिंचोके काढले आणि एकेक करून समोर ठेवायला लागली.

"गावात तिचं नाव कोनी घेत नवतं, बाई," ती म्हणाली. "मुकी म्हनत. येडी म्हनत. त्या दिवशी साऱ्या गावात तिचं नाव वाजून राह्यलं होतं. चारी बाजूनं. मले ते आइकतच राहू वाटलं."

इतकी वर्षं मी समजत होते की ते ओझं माझं एकटीचं आहे. आम्ही दोघी एकाच रस्त्याने रोज ते वाहून नेत होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो.

ओळ पुरी झाल्यावर तिने मान वर केली. "एक डाव घ्या ना तिचं नाव. हळू."

मी तिच्याजवळ सरकले, वाकले, जशी आता इतर लेकरांजवळ वाकते, आणि ते नाव घेतलं. इतक्या हळू, की भिंतीपलीकडेही गेलं नसतं.

आणि आम्ही दोघींनी एकदमच, ती शिट्टीला लपायची त्या कपाटामागे पाहिलं.